काय झालं नाय असा दिवस

मी मालू. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळे आखते. कुठल्या कारखान्यात ते विचारू नका, पेणला गल्लीगल्लीत कारखाने हायेत. चाळीस वर्षं झाली मला या कामात. आधी अंगाच्या रंगात होते, मग दागिन्यांच्या सोनेरीत, आणि एका वर्षी शेठनं हातात बारीक कुंचला दिला नि म्हटलं, मालूबाई, उद्यापासून तुम्ही आखणीला बसा. आखणी म्हणजे डोळे काढणं. बाकी गणपती कुणीबी रंगवील, डोळ्यांचं तसं नाय. बुबुळं अशी बसली पाहिजेत की पुढ्यात पाटावर बसणाऱ्याला वाटावं, बाप्पा माझ्याकडंच बघतोय. त्याला आम्ही नजर बसली म्हणतो. माझी नजर बसते. बढाई मारत नाय, पेणमध्ये कुणालाबी विचारा.

राहायला निडीला. रोह्याच्या अलीकडचं स्टेशन. सकाळच्या गाडीनं पेणला जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. घरात मी एकटी. नवरा हैबतराव, भात नि वाल पिकवायचे, दोन वर्षांमागं ऐन लावणीत गेले. मुलगा एकच, आदेश. एकतीस वर्षांचा, अजून लगीन नाय, कतारला असतो, दोहा शहरात. तिथं मोठाल्या इमारतींचे एसी सांभाळतो. आधी धाटावला कंपनीत शिफ्टला होता. तेव्हा चपला कुठं काढून टाकल्यात त्यावरून मला कळायचं, स्वारीचा मूड कसा हाय. सरळ ठेवल्या तर चहा द्यायचा, उलट्यापालट्या पडल्या तर गप बसायचं. आता मला त्याचं काहीच कळत नाय.

याला कारण मीच. उगीच दुसऱ्यावर ढकलत नाय. बाप गेला तेव्हा आदेश तिसऱ्या दिवशी पोचला, आणि दहावं झालं त्याच संध्याकाळी परत निघाला. कंपनीनं तेवढीच सुट्टी दिलेली, हे त्यानं मला दोनदा सांगितलं होतं. पण अंगणात चार बायका बसलेल्या, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि हा बॅग घेऊन उभा. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "आता मी मेले की ये. तेबी सुट्टी मिळाली तर."

तो काही बोलला नाय. बॅग खाली ठेवली, माझ्या पाया पडला, बॅग उचलली आणि गेला. बोलला असता तर भांडण झालं असतं. भांडण झालं असतं तर मिटलंबी असतं. हैबतरावांशी माझी किती भांडणं झाली, सकाळची संध्याकाळी नसायची. पण हा पोरगा बोललाच नाय, मग मिटवायचं काय आणि कुणी?

पुढं त्याचा फोन यायचा बंद झाला. दिवाळीला एक मेसेज आला, पणतीचं चित्र. जशी काय मी त्याच्या कंपनीतली कुणी. मीबी दीड वर्ष फोन केला नाय. सुंभ जळतो पण पीळ जात नाय, ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हटलं असणार. पण घर खायला उठतं हो. दिवसभर कारखान्यात वीस माणसांत बसायचं, आणि घरी आलं की कुलूप काढायचं. मी मोठ्यानं बोलायला लागले होते, भांड्यांशी, पालीशी. शेजारची काशीबाई एकदा आत डोकावून विचारून गेली, कोण आलंय गो मालू?

मग उजाडलं दोन हजार पंचवीस साल. जानेवारीत टीव्हीवर वणवा दाखवत होते. अमेरिकेत लॉस एंजेलिसला घरंच्या घरं जळालेली, माणसं गाड्या रस्त्यात टाकून पळालेली. ते बघता बघता माझ्या मनात आलं, हे निमित्त बरं हाय. कारखान्यातल्या नूतननं माझ्या मोबाइलमध्ये परदेशात बोलायचं ॲप टाकून दिलं होतं, त्यावरून लावला. दोन रिंगांत उचलला. मी घाबऱ्या आवाजात विचारलं, तो वणवा तुझ्या तिकडं तर नाय ना रे? तो कोरडं हसला. म्हणाला, ते अमेरिकेत, इथं जळायला आधी झाड तरी पाहिजे ना. मग दोन-चार इकडचं तिकडचं विचारलं. वाल कसा आलाय, पायाचं दुखणं कसं हाय. चार मिनिटं बोलला. फोन ठेवल्यावर मी उभ्या उभ्या पातेलंभर चहा केला, एकटीसाठी.

आता, मला कळत नव्हतं असं नाय. सातवी पास हाय मी, शाळेत जगाचा नकाशा मीच भिंतीला टांगायची. कतार कुठं नि अमेरिका कुठं ते मला चांगलं ठाऊक. पण येड पांघरून पेडगावला गेलं की पोरगा चार मिनिटं बोलतो, मग जायला काय हरकत हाय?

मग माझी तीच वाट झाली. मार्चअखेर म्यानमारला भूकंप झाला आणि तिकडं लांब बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली अख्खी उंच इमारत खाली बसली. लगेच फोन. तू उंच इमारतींवर चढतोस बाबा, सांभाळ. पाच मिनिटं. एप्रिलात पोप गेले तेव्हाबी लावला. तिकडं सुट्टी हाय का रे, विचारलं. तो म्हणाला, आई, आपला काय संबंध? पण बोलला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहलगामचं झालं. तेव्हा मात्र निमित्त म्हणून लावला नव्हता, खरंच लावला. त्या नव्यानं लगीन झालेल्या पोरी टीव्हीवर बघवेनात. फोन नुसता चालू होता. त्याच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता, आणि मला वाटलं, आता बोलावं, ये म्हणावं. तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली.

मे महिन्यात पाकिस्तानशी जुंपली. त्याआधी सायरनची सराव-तालीम घ्यायच्या गावांची यादी निघाली, त्यात रोहा-धाटाव-नागोठण्याचं नाव. म्हणजे आम्हीच की. त्या दिवशी, त्या पणतीच्या चित्रानंतर पहिल्यांदा, आपणहून त्याचा मेसेज आला. दोनच शब्द, "घरात राहा." मी पेणला कामावर होते. ते दोन शब्द मी दिवसभरात किती वेळा वाचले असतील, त्याला हिशेब नाय. नूतन म्हणाली, मावशी, लॉटरी लागली काय गो तुला?

जूनमध्ये अहमदाबादला विमान कोसळलं, तेव्हा लावला. इस्रायल नि इराणचं सुरू झालं, तेव्हा लावला. आणि एक गोष्ट सांगते, सांगायला लाज वाटते तरी. सकाळी टीव्ही लावताना माझ्या मनात यायचं, आज कुठं काय झालं असलं तर बरं. माणसं मेलेली असायची, मायबाप. आणि मी इथं निडीला चहाचा कप घेऊन मनात म्हणायची, चला, आज पोराशी बोलणं होईल. देवापुढं हात जोडताना मला त्याच्या डोळ्यांकडं बघवायचं नाय, आणि माझा धंदा डोळ्यांचा.

जूनच्या तेवीस तारखेला रात्री इराणनं कतारमधल्या अमेरिकेच्या तळावर क्षेपणास्त्रं सोडली. मला सकाळी टीव्ही लावल्यावर कळलं. आता काय बहाणा करायचा? आता माझाच पोरगा तिथं. घाईत ॲप सापडेना. काशीबाई धावत आली, तिनं उघडून दिलं. उचलला नाय. परत. परत. सातव्यांदा उचलला. रात्रभर जागा होता, आवाजावरून कळत होतं. मी काय काय बोलले मला आठवत नाय, रडत होते. तो ऐकून घेत होता, ऐकून घेत होता, आणि मग शांतपणे म्हणाला, "आई, जगात कुठं माणसं मेली की तुला माझी आठवण येते. एरवी नाय."

मी म्हटलं, तसं नाय रे.

"वणवा झाला फोन, भूकंप झाला फोन. मी मेलोय का तेवढंच बघतेस. एकदा तरी काय झालं नाय तेव्हा केलास का?"

मी फोन ठेवला. रागानं नाय. पोरगा खोटं बोलला नव्हता. मी ज्याला निमित्त समजत होते, ते त्याला असं दिसत होतं. काशीबाई माझ्याकडं बघत उभी होती, तिला म्हटलं, बरा हाय तो. आणि पहिल्यांदाच गाडी चुकवून दुसऱ्या गाडीनं कामाला गेले.

गाडीतच ठरवलं. आता त्याला फोन करीन तो जगात काय झालं नाय अशा दिवशी. नुसता. सहज. काय करतोस, जेवलास का, एवढंच. कुठं दोन माणसं जखमी असली तरी नाय करायचा.

सोपं वाटलं होतं. पण असा दिवस काय उजाडेना. तेव्हा कारखान्यात मरणाची घाई. निम्मं वर्ष पीओपीच्या मूर्ती चालणार का नाय यात गेलेलं, जूनमध्ये कोर्टानं बनवायला परवानगी दिली आणि राहिलेलं सगळं काम अंगावर आलं. आखणीला आम्ही तिघीच. नूतन माझ्या शेजारी, सोंडेवरची नक्षी काढते, तिला कानात बातम्या लावायची सवय. मी रोज सकाळी कुंचला धुता धुता विचारायची, आज काय झालं गो जगात? ती सांगायची, अमेरिकेत टेक्सासला पूर आला, लहान पोरी वाहून गेल्या. म्हटलं, मग उद्या बघू. पुढं बांगलादेशात विमान शाळेवर पडलं. मग उद्या बघू. जुलैच्या अखेरीला रशियात एवढा मोठा भूकंप झाला की जपानपर्यंत माणसं डोंगरावर चढून बसली. ऑगस्टात उत्तराखंडात डोंगरावरून चिखल आला, गाव घेऊन गेला. गाझातलं तर रोजचंच, तिथली उपाशी पोरं नूतन सांगायचीबी नाय, नुसती मान हलवायची. नूतनला वाटलं, म्हातारीला राजकारणाचं येड लागलं. तिला काय माहीत, मी बातम्या कशासाठी विचारते. आधी मी बातमीची वाट बघायची, आता ती न यायची वाट बघत होते. पृथ्वी काय माझ्यासाठी एक दिवस गप बसणार होती थोडीच.

एक दिवस मात्र मिळाला. ऑगस्टातला रविवार होता. नूतननं कानातलं काढलं आणि म्हणाली, आज काय नाय मावशी, क्रिकेटबी नाय. मी लगेच उठले. हात धुतले, कारखान्याच्या मागं पत्र्याखाली गेले, आणि लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला.

"काय झालं?" आवाज घाबरलेला. "आई, काय झालं?"

दोन महिने ज्या दिवसाची वाट बघितली तो समोर, आणि मी दगड. काय झालं नाय, एवढं म्हणायचं होतं. माझ्यासारख्या बाईला, जिची जीभ कधी थांबत नाय, तिला एवढं म्हणता येईना. तो परत म्हणाला, काय झालं, बोल ना. तेव्हा मी म्हटलं, "काय नाय. चुकून लागला."

तो "बरं" म्हणाला. ठेवला. मी पत्र्याखाली उभी राहिले, वर पाऊस वाजत होता. कपाळ बडवून घ्यावं असं वाटलं. बडवून घेतलंबी एकदा.

त्यानंतर चार दिवसांनी आमच्या घरचा गणपती आखायला घेतला. घरचा मी दरवर्षी सगळ्यांत शेवटी आखते, गिऱ्हाइकांचं सगळं गेल्यावर, माझ्याच जागेवर बसून. शाडूचा, एक फुटाचा. आदेश असायचा तेव्हा डोक्यावर पाट घेऊन तोच न्यायचा, निडीच्या स्टेशनवरून घरापर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाय. तर आखायला घेतला, मोबाइल डाव्या बाजूला स्टुलावर ठेवलेला. वाटत होतं, तो विचार करील, आई चुकून लावील कशी, ॲप उघडून नाव शोधल्याशिवाय तर फोन लागत नाय. आणि करील परत. कुंचला हातात, श्वास रोखलेला, आणि मन स्टुलावर. फोन काही वाजला नाय. डोळे झाले. मूर्ती कापडात गुंडाळली आणि घरी आणली, काशीबाईच्या मुलाच्या रिक्षातून.

चतुर्थीला पूजा झाली, आरती झाली. काशीबाई पाटावर बसली, हात जोडले, आणि बराच वेळ बघत राहिली. मग मान वाकडी करून बघितली. मग म्हणाली, मालू गो, तुझा गणपती माझ्याकडं बघत नाय.

मी म्हटलं, काहीतरी बोलू नको. तिला उठवलं आणि स्वतः बसले. खरंच बघत नव्हता. सोंड समोर, तोंड समोर, आणि बुबुळं डाव्या अंगाला. मी सरकून बसले, अजून सरकले, भिंतीपर्यंत गेले. तेव्हा कळलं तो कुठं बघतोय. मखराच्या त्या बाजूला घराचा दरवाजा. बाप्पा दरवाजाकडं बघत होता.

चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. लोकांचे हजारो गणपती आखले, एकाची नजर हलली नाय, आणि घरच्याची हलली. ज्या बाजूला फोन, त्या बाजूला बुबुळं गेली. काशीबाई म्हणाली, कुंचला घेऊन नीट कर की. पण प्राणप्रतिष्ठा झाली की डोळ्यांना हात लावायचा नाय, ते तिलाबी माहीत, मलाबी. मखर फिरव म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. बघतोय तर बघू दे.

सात दिवस तो तसाच बसला होता. येणारा प्रत्येक माणूस दारात आला की त्याला वाटायचं, अरे वा, बाप्पा आपल्याकडंच बघतोय. आत येऊन समोर बसला की बाप्पाची नजर त्याला सोडून परत दाराला. गावात बभ्रा झाला. मालूबाईचा हात गेला, म्हणाले कुणीतरी. म्हणू देत. मी रोज संध्याकाळी त्याच्या बाजूला, भिंतीला टेकून बसायची, आणि आम्ही दोघं दरवाजाकडं बघत बसायचो. कुणी आलं नाय. म्हणजे लोक आले, पण ज्याची वाट होती तो नाय. गौरीबरोबर गणपती गेले आणि मखराची जागा रिकामी झाली.

मग कारखान्यात देवीचं काम लागलं. सप्टेंबरची नऊ तारीख. दुपारभर नूतन नेपाळचं सांगत होती, तरुण पोरं रस्त्यावर उतरलीत, संसद पेटवली, सरकार गेलं. मी म्हटलं, मग उद्या बघू. आता ते बोलायची सवयच झाली होती. संध्याकाळच्या गाडीनं घरी आले, कुलूप काढलं, टीव्ही लावला आणि चहाचं आधण ठेवायला वळले. मागून शब्द ऐकू आला, दोहा.

वळून बघितलं. इमारतींच्या मागून काळा धूर. इस्रायलनं दोह्यात हल्ला केलाय, शहरात, भर वस्तीत. तोच धूर परत परत दाखवत होते. खाली गाड्या जाताना दिसत होत्या, माणसं दिसत नव्हती.

मी फोन घेतला आणि बसले. आता काय करू? लावला तर मी तीच, माणसं मेली की आठवण येणारी. नाय लावला तर तो हाय का नाय तेच कळणार नाय. काशीबाईच्या घरचा टीव्हीबी ऐकू येत होता, तीबी आता धावत येईल असं वाटलं. उठून दाराला कडी घातली. टीव्हीचा आवाज बंद केला. टीव्ही बंद करायला हात होईना, नुसता आवाज बंद केला. गॅस बंद केला. आणि लावला.

चार रिंगा झाल्या. पाच झाल्या. मग उचलला. मागं गाड्यांचा आवाज येत होता, आणि कुणीतरी मोठ्यानं हिंदीत बोलत होतं. तो वाट बघत होता, मला कळत होतं. आता आई रडेल, आता विचारील, मेलास का जिवंत हायेस.

मी म्हटलं, "काय करतोस?"

तो म्हणाला, "काय झालं?"

"काय झालं नाय. सहज केला."

मग अगदी हळू त्यानं विचारलं, टीव्ही बघितलास का. मी म्हटलं, सकाळपासून लाइट नाय, कुठला टीव्ही. धूर समोर दिसत होता मला, त्याच्या खाली लाल पट्टीत त्याच्या शहराचं नाव फिरत होतं. तो म्हणाला, बरं झालं. मग त्यानं दार लावून घेतल्यासारखा आवाज आला, मागचा गलका कमी झाला. म्हणाला, बोल.

आणि मी बोलले. काय बोलायचं ठरवलं नव्हतं, तरी बोलले. गणपतीचं सगळं सांगितलं. फोन स्टुलावर कसा ठेवला होता, कुंचला हातात नि मन कुठं होतं, काशीबाई मान वाकडी करून कशी बसली, मी सरकत सरकत भिंतीला कशी लागले, गावात काय काय म्हणाले. तो मधेच हसायला लागला. दोन वर्षांनी मी त्याचं ते हसणं ऐकलं, नाकातून येणारं, बापासारखं. म्हणाला, "म्हणजे तू बाप्पालाच वाट बघत बसवलंस?"

म्हटलं, "व्हय."

"कुणाची?"

इथं परत माझी जीभ जड झाली. पत्र्याखाली झाली होती तशी. पण टीव्हीवर तो धूर होता, आणि आज नाय बोलले तर कधी बोलणार होते मी?

"तुझी," म्हटलं. "दुसऱ्या कुणाची बघणार? दोन वर्षं तुझीच बघते. त्या दिवशी अंगणात बोलले ते चुकले मी. सुट्टी मिळो न मिळो, मी जिवंत असताना ये."

तो काही बोलला नाय. पण हे न बोलणं त्या दिवशीसारखं नव्हतं. त्याला रडायला येत होतं आणि तो ते मला ऐकू येऊ देत नव्हता. मी ते ऐकत होते. माझंबी तेच चाललं होतं. मग नाक ओढून तो म्हणाला, "पुढच्या वर्षी नजर समोर आख. मी बसतो समोर."

म्हटलं, "पाट काढून ठेवते."

मी त्याला विचारलं नाय, तू कुठं होतास, किती जवळ होतं ते. त्यानंबी सांगितलं नाय. आम्ही चाळीस मिनिटं बोललो. पायाचं बोललो, पावसाचं बोललो, कडवे वाल कुणाबरोबर पाठवता येतील त्याचं बोललो. शेवटी म्हणाला, आई, लाइट आली तरी आज टीव्ही लावू नको, डोळे दुखतात तुझे. उद्या लाव. मी म्हटलं, नाय लावत. समोर आवाज नसलेला टीव्ही चालू होता आणि त्याच्या शहरावरचा धूर आता पांढरा झाला होता.

मग विचारलं, रात्री जेवायला काय करणार. मसूर, म्हणाला. कांदा जरा जास्त टाक म्हटलं.